कोबीचा गड्डा का धरत नाही, आणि घरचं बी का धरता येत नाही

प्रश्न : आमच्या घरामागे साधारण दहा बाय सहा फुटांची काळ्या मातीची जागा आहे, शिवाय गच्चीवर कुंड्या. गेल्या वर्षी जानेवारीत नर्सरीतून कोबीची रोपं आणून लावली. पानं भरपूर आली, पण एकाही रोपाला गड्डा धरला नाही. उरलंसुरलं अळ्यांनी खाल्लं. शेजारच्या काकू म्हणाल्या, पानं वर बांधायला हवी होती. व्हिडिओत सांगतात, चुना टाका. माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्या परसात टोकदार, छोटेखानी, जुन्या वाणाचा कोबी छान येतो. ती दिवाळीला येणार आहे, तिला बी आणायला सांगू का? मला संकरित नको आहे. एकदा जुनं वाण मिळालं की दरवर्षी घरचंच बी धरायचं, असं मनात आहे.
– एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. बाकी सगळ्यावर इलाज आहे, त्याच्यावर नाही. निफाडला कोबीचं बी धरता येणार नाही.

कोबी हे दोन वर्षांत आयुष्य पुरं करणारं झाड. पहिल्या वर्षी पानं आणि गड्डा, मग लांबलचक हिवाळा, आणि तो सोसल्यावर फुलांचा दांडा. खोड पेन्सिलीएवढं जाड झालेल्या रोपाने साधारण ४ ते १० अंशांच्या गारठ्यात सलग काही आठवडे काढले, तरच त्याच्या पोटात फूल तयार होतं. तुम्ही म्हणाल, निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात पेपरात झळकतो, पाच-सहा अंशांवर जातो. जातो खरा, पण पहाटेपुरता. दुपारी तिथेच पंचवीस-अठ्ठावीस अंशांचं ऊन असतं, आणि रात्री जमलेली थंडी झाडाच्या हिशेबातून दुपारी वजा होते. ही लाट चार दिवसांत ओसरतेही. महाबळेश्वरचं नाव घेऊन पाहाल, तर तिथेही एवढी थंडी एवढे दिवस टिकत नाही.

म्हणूनच आपल्याकडच्या अशा कोबीचं बी तयार होतं हिमाचलात नाहीतर काश्मीरमध्ये. कुलू खोऱ्यात कटराईन इथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे. त्या भागात तयार गड्डे हिवाळाभर शेतात राहतात, वसंतात गड्ड्याच्या डोक्यावर फुलीसारखा काप देतात म्हणजे आतला दांडा बाहेर यायला वाट मिळते, मग पिवळी फुलं, शेंगा, आणि उन्हाळा सरताना बी. कमी थंडीत फुलणारी वाणंही शास्त्रज्ञांनी काढली आहेत, पण तुम्हाला हवंय ते जुनं वाण त्यांतलं नाही.

समजा थंडीचं जमवलंच, तरी पुढची अडचण मधमाश्यांची. कोबीचं एकटं झाड स्वतःच्या परागाने सहसा फळत नाही. वाण टिकवायचं तर बरीच झाडं एकत्र फुलावी लागतात. शिवाय फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली, केल ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने कोबीचीच जात. त्यातलं काहीही किलोमीटर-दीड किलोमीटरच्या आत फुललेलं असेल, तर तुमच्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही. बी राखायची हौस मोडू नका, फक्त पीक बदला. वाल, पावटा, घेवडा यांची फुलं बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात, एका वेलाचंही बी चालतं.

कोबीसाठी मी सांगेन, बी धरू नका, साठवा. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात. तुमच्या जागेला चोवीस रोपं पुरेत. म्हणजे दहा ग्रॅमच्या पाकिटात तुमची आणि अख्ख्या गल्लीची सोय. कोरडं आणि गार ठेवलं तर हे बी चार वर्षं सहज उगवतं. काचेची छोटी बाटली घ्या, तळाशी कापडात बांधलेले भाजून गार केलेले तांदूळ टाका म्हणजे ओल शोषली जाईल, वर बी, झाकण घट्ट, आणि बाटली फ्रिजमध्ये. पाकिटावरची तारीख बाटलीवर लिहा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पेरण्याआधी ओल्या कापडात दहा बिया ठेवून बघा. सात-आठ उगवल्या तर निःशंक पेरा.

आता वाणाचं. तुम्ही न्यू जर्सीकडे बघताय, आणि जुनं वाण नाशिकच्याच कृषी सेवा केंद्राच्या कपाटात पडलेलं असतं. दुकानदाराला ‘हेअरलूम’ म्हणालात तर तो तुमच्याकडे बघत राहील. ‘सरळ वाण द्या, गोल्डन एकर’ म्हणा. सरळ वाण म्हणजे संकरित नसलेलं. हे मूळचं कोपनहेगन मार्केट या डॅनिश कोबीतून निवडलेलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांतलं वाण. बाहेरची पानं थोडी, झाड आटोपशीर, गड्डा गोल, घट्ट, किलो-दीड किलोचा, लावणीपासून ६० ते ६५ दिवसांत तयार. चार माणसांच्या घराला दोन वेळा पुरतो आणि अर्धा फ्रिजमध्ये पडून काळवंडत नाही. प्राइड ऑफ इंडिया हेही सरळ वाण, स्वभावाने जवळपास असंच. दोन्हींपैकी जे ताज्या तारखेचं मिळेल ते घ्या.

बहिणीकडे आहे तो बहुधा अर्ली जर्सी वेकफिल्ड असावा. टोकदार गड्ड्याचं हे वाण तिच्याच राज्यात १८६०च्या दशकात नावारूपाला आलं, बी मूळ इंग्लंडातून गेलेलं. कोबी गोड असतो, वादच नाही. पण सामानातून बी आणायला सांगू नका. पेरणीचं बी परदेशातून आणायचं तर २००३च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पिशवीच्या कप्प्यात टाकलेलं पाकीट त्यात बसत नाही. हा कायदा कोबीच्या बाबतीत उगाच केलेला नाही. कोबीचा सगळ्यात वाईट रोग, ज्याला आपले शेतकरी घाण्या रोग म्हणतात, तो बियातूनच प्रवास करतो. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा पिवळा डाग, त्यातल्या शिरा काळ्या, आणि शेवटी गड्ड्याला दुर्गंधी. तुमच्या तालुक्यात कोबी-फुलकोबीवर अनेकांचा संसार चालतो. बहिणीला दुसरं काही आणायला सांगा.

‘संकरित नको’ या तुमच्या म्हणण्याबद्दल थोडं. संकरित म्हणजे जनुकीय बदल केलेलं नव्हे, आणि विषारी तर मुळीच नव्हे. शेतकरी ते लावतो, कारण सगळे गड्डे एका मापाचे, एकाच आठवड्यात तयार होतात, फुटत नाहीत, आणि ट्रकमध्ये मुंबईपर्यंत टिकतात. घरच्या बागेला यातलं काही लागत नाही. उलट सरळ वाणात गड्डे थोडे मागेपुढे तयार होतात, ते आपल्या पथ्यावरच पडतं. तेव्हा सरळ वाण जरूर लावा, फक्त भीतीपोटी नको.

गड्डा का धरला नाही, याचं मुख्य कारण तुम्ही पहिल्याच ओळींत लिहिलंय : जानेवारी. तेव्हा लावलेलं रोप पानं वाढवतं फेब्रुवारीत आणि गड्डा वळायच्या वेळी येतो मार्च. पारा तिशीच्या पुढे गेला की पानं आत वळायची सोडून पसरतात. नाशिकला या वाणांचा हिशेब सोपा आहे. गणपती गेले की बी पेरायचं, दिवाळीच्या आसपास रोपं जमिनीत, संक्रांतीच्या आगेमागे गड्डा हातात. सगळी चोवीस रोपं एकदम लावू नका, नाहीतर जानेवारीत घरात कोबीशिवाय दुसरी भाजी दिसणार नाही. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या मध्यावर आणि फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, अशा तीन पेरण्या करा, दर वेळी आठ-दहा रोपांपुरत्या. त्यानंतर पेरणं बंद.

दुसरी शंका मला नर्सरीतल्या रोपांची आहे. ट्रेमधलं रोप जास्त दिवस तसंच राहिलं की मुळं कप्प्यात गोल फिरतात, खोड काष्ठासारखं होतं, आणि असं रोप जमिनीत गेल्यावर वाढण्याऐवजी नुसतं जगतं. पुन्हा विकत घ्यायची वेळ आली तर चार-पाच पानांचं, लुसलुशीत खोडाचं रोप निवडा, आणि वाणाचं नाव विचारा. नाव सांगता आलं नाही, तर ते संकरितच असं समजा.

तुम्ही मात्र घरीच रोपं करा. ट्रेमध्ये किंवा साध्या कागदी कपात कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं निम्मं, बी अर्धा-पाऊण सेंटिमीटर खोल. चार-सहा दिवसांत उगवतं. उगवल्या दिवसापासून ऊन हवं. खिडकीत ठेवलेली रोपं उंच, फिकट होऊन मान टाकतात. पाणी रोज शिंपडत बसू नका, वरचा थर किंचित सुकू द्या. सततच्या ओलीने रोपं बुडापाशी बारीक होऊन कोलमडतात, आणि एकदा कोलमडायला लागली की औषधाचा उपयोग नाही. चार आठवड्यांत लावणीजोगी होतात. घाण्या रोगाची धास्ती असेल तर पेरण्याआधी बी ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून, गार पाण्यातून काढून, सुकवून पेरता येतं. त्यासाठी थर्मामीटर हवा, अंदाजाने केलंत तर बी शिजेल. आणि पाकिटातलं बी रंगवलेलं असेल, तर त्याला आधीच औषध लावलेलं असतं. ते असं भिजवू नका, हात धुवा, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

चुन्याचा सल्ला तुमच्या मातीला लागू नाही. ते व्हिडिओ बहुतेक थंड, पावसाळी देशांतले. तिथे माती आंबट असते आणि कोबीच्या मुळांवर गाठी धरण्याचा एक रोग त्या आंबट मातीत माजतो, म्हणून ते चुना टाकतात. आपली काळी माती मुळात चुनखडीची, सामू (पीएच) साडेसातच्या वर. तिच्यात आणखी चुना म्हणजे असलेलं लोह, जस्त, बोरॉनही झाडाला दुरापास्त करणं. कोकणातल्या जांभ्या मातीत कोणी कोबी लावत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे थोडा चुना खरंच उपयोगी पडतो.

तुमच्या काळ्या मातीचा खरा प्रश्न निचऱ्याचा आहे. वीतभर उंच गादीवाफा करा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत पाच-सहा घमेली आणि निंबोळी पेंड दीड-दोन किलो मिसळा. शेणखत ओलं, वास येणारं असेल तर वापरू नका, मुळं खाणारी हुमणी अळी घेऊन येतं. दोन रोपांत आणि दोन ओळींत दीड दीड फूट अंतर. सुरुवातीला वाफा रिकामा दिसतो आणि मध्ये आणखी रोपं खुपसायचा मोह होतो. फारच वाटलं तर मधल्या जागेत मेथी किंवा कोथिंबीर टाका, कोबी पसरेपर्यंत ती काढून होते. रोप संध्याकाळी लावा, खालच्या पहिल्या दोन पानांपर्यंत मातीत, आणि लगेच पाणी.

कुंडीचं गणित कडक आहे : एक कुंडी, एक कोबी. बारा इंच रुंद आणि तेवढीच खोल, त्याहून लहान नको. लांबट ट्रेमध्ये चार रोपं लावलेली चित्रं छान दिसतात, गड्डे मात्र मोसंबीएवढे होतात. गच्चीवर निदान सहा तास ऊन मिळत असेल तरच कोबी, नाहीतर तिथे पालक लावा.

पाणी कोबीला थोडं पण नियमित हवं. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, कायम राहील असं, सकाळी, मुळाशी. वर पाचट किंवा पालापाचोळ्याचा थर दिला की निम्मं काम होतं. लावणीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक रोपाला दोन ओंजळी गांडूळखत घालून मातीची भर द्या, तसंच पुन्हा एकदा गड्डा वळायला लागताना. त्यानंतर खत थांबवा. पुढे दिलेल्या खताने गड्डा मोठा होत नाही, तडकतो.

काकूंचा पानं बांधायचा सल्ला फुलकोबीचा आहे. फुलकोबीचा गड्डा उन्हाने पिवळा पडू नये म्हणून पानं वर बांधतात. कोबीचा गड्डा म्हणजे पानंच. ती आपली आपण वळतात, दोरीने वळवता येत नाहीत. मात्र तुम्ही न लिहिलेली एक गोष्ट मी विचारतो. बाहेरची मोठी पानं तुम्ही भाजीला, भज्यांना तोडत होतात का? बहुतेक घरी हे होतं. आत वळणाऱ्या पानांना अन्न पुरवतात ती हीच उघडी हिरवी पानं. पिवळी पडलेली किंवा मातीला टेकून कुजणारी काढा, बाकीच्यांना गड्डा कापेपर्यंत हात लावायचा नाही.

अळ्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक हरतात. तुमच्याकडे आली ती बहुधा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी. पतंग जेमतेम नखाएवढा, राखाडी-तपकिरी, पंख मिटून बसला की पाठीवर शंकरपाळ्यांची रांग दिसते. अळी हिरवट, बारीक, दोन्हीकडे निमुळती. बोट लावलं की वळवळत धाग्यावर खाली लोंबते. ओळख पटवायला तेवढं पुरे. लहानपणी ती पानाच्या खालचा गर खाते आणि वरचा पापुद्रा ठेवते, त्यामुळे पानाला खिडक्या पडल्यासारखं दिसतं. त्या खिडक्या दिसल्या दिवशीच हालचाल करा, गड्ड्यात शिरल्यावर काही करता येत नाही. ही कीड जगभर एकामागून एक कीटकनाशकं पचवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. दुकानातून जहाल औषध आणून मारायचा मार्ग शेतकऱ्यालाही पुरा पडत नाही, आपण तर गड्डा कच्चा पचडीत खाणार.

चोवीस रोपांना सगळ्यात खात्रीचा उपाय जाळी. कोबीला गड्ड्यासाठी मधमाशीची गरज नाही, म्हणून लावणीच्या दिवसापासून कापणीपर्यंत बारीक कीडरोधक जाळी वाफ्यावर ठेवता येते. पाइपच्या कमानी, वर जाळी, कडा मातीत दाबलेल्या. उघडी फट राहिली तर पतंग आत आणि त्याला खाणारे बाहेर, म्हणजे जाळी नसण्यापेक्षा वाईट. मोहरीचं सापळा पीक पुस्तकात वाचाल. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ते शेतासाठी सुचवलेलं आहे, कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन. पतंग मोहरीवर अंडी घालतो, मोहरीवर फवारणी करून अळी तिथेच मारायची. शेतात ते चालतं. साठ चौरस फुटांत मोहरीकडे आठवडाभर दुर्लक्ष झालं की आपणच कीड पाळल्यासारखं होतं. तुम्हाला नको. झेंडूही लावा हवा तर, पण त्याचा उपयोग मातीतल्या सूत्रकृमींवर, म्हणजे मुळांना लागणाऱ्या सूक्ष्म किड्यांवर, या अळीवर नाही.

जाळी घालूनही अळी दिसली, तर आधी हाताने वेचा. मग पाच टक्के निंबोळी अर्क : पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यातून गाळून. त्यात थोडा साबण हवाच, कारण कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी घरंगळून जातं. पानाच्या खालच्या बाजूला फवारा, अळी तिथे असते. त्यानेही न भागल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा अळ्या मारणारा जिवाणू, दुकानात बीटी पावडर म्हणून मिळतो. पाकिटावरच्या मापाने आणि संध्याकाळीच, उन्हाने त्याची ताकद जाते. ते अळीच्या पोटात गेल्यावर काम करतं. अळी मरायला दोन-तीन दिवस लागतात, पण खाणं आधीच थांबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून घाबरू नका. मावा आला तर पाण्याची जोरदार धार पुरते. पानावर लाल-काळे ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्या, मावा खाण्याचं काम तेच करतात.

गड्डा अंगठ्याने दाबून बघा. दाबला जात नसेल तर तयार. गोल्डन एकर तयार झाल्यावर फार वाट बघत नाही, विशेषतः कोरडं राहून एकदम भरपूर पाणी मिळालं की उभा तडकतो. गावाला जायचं असेल आणि गड्डे तयार होत आले असतील, तर झाड दोन्ही हातांनी धरून अर्धा पीळ द्या. थोडी मुळं तुटतात, पाणी ओढणं कमी होतं, आणि आठ-दहा दिवस मिळतात. अवकाळीचं आभाळ आलं तरी हेच करा.

कापताना गड्डा सुरीने काढा, खालची चार पानं आणि खुंट राहू द्या. खुंटाच्या कापावर फुलीसारखी खाच दिलीत आणि पाणी चालू ठेवलंत, तर पानांच्या बगलेतून मुठीएवढे तीन-चार गड्डे येतात. डिसेंबरात कापलेल्या पहिल्या खेपेच्या झाडांना हे जमेल. जानेवारी सरता कापलेल्यांचे खुंट उपटून कंपोस्टात टाका, ऊन त्यांना वळू देणार नाही. स्वयंपाकघरात नेण्याआधी गड्डा उलटा करून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवा. आत कोणी लपलं असेल तर वर येईल. कोवळा असेल तर निम्मा पचडीला आणि निम्मा भानोल्याला काढा, चणाडाळीच्या भाजीला बाजारातला जून कोबीही चालतो.

वाफा मोकळा झाला की उन्हाळ्यात तिथे गवार किंवा भेंडी घ्या. पुढची दोन वर्षं त्याच जागी कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मोहरी यांतलं काही नको. तेवढी वर्षं कोबी कुंड्यांत घ्या, नवी माती भरून, आणि बाटलीतलं बी तोवर चांगलं असेल.